रतनआय ज्या दारानं गेली

मुंबईहून कुणी परत आलं की आमच्या गावात त्याला दोन गोष्टी विचारतात: काय पाहिलंस आणि काय आणलंस. श्रावण संपता संपता मी चार दिवस मुंबईला जाऊन आलो, तेव्हा मलाही विचारलं. मी म्हटलं, एक विहीर पाहिली. ऐकणारे हसले. आमच्याकडे घरटी एक विहीर आहे. ती बघायला गाडीभाडं घालून मुंबईला कोण जातो? म्हणून हे सविस्तर लिहून काढतो आहे. दर ओटीवर बसून तेच तेच सांगायला मला आता दम राहिलेला नाही.

मी वसंत. एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं गाड्यांखाली आडवा होऊन काढली आणि आता गुहागरच्या पुढं, समुद्राला लागून, नारळी-सुपारीची वाडी सांभाळतो. आमच्या वाडीला सगळे रतनीची वाडी म्हणतात. रतन म्हणजे माझ्या पणजोबांची आजी. घरात आम्ही तिला रतनआय म्हणतो. ती हबशीण होती. लहान असताना तिला आफ्रिकेतून जहाजात घालून मुंबईला आणलं, गिरगावातल्या एका मोठ्या घरानं विकत घेतलं आणि त्या घराच्या वाडीला पाणी लावायचं काम तिच्या अंगावर टाकलं. तिचं मूळ नाव कुणाला ठाऊक नाही. रतन हे त्या घरानं ठेवलेलं. मग एका पिठोरी अमावास्येला ती त्या घरातून चालत बाहेर पडली, बंदरावर गेली, दाभोळकडे येणाऱ्या गलबतात बसली आणि आमच्या किनाऱ्याला उतरली.

आमच्या घरात दर पिढीत एकदोघांचे केस असे कुरळे निघतात की फणीचे दात मोडावेत. माझे तसेच आहेत. शाळेत मला त्यावरून भलतीसलती नावं ठेवत. मी रडत घरी आलो की आत्या म्हणायची, ज्यांच्या आज्या पालखीतून आल्या त्यांना मिरवू दे, आपली चालत आली. तारामती आत्या आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. डोळे गेलेत, जीभ शाबूत आहे.

आषाढात माझा भाचा निलेश, जो अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर्समध्ये राहतो, त्यानं मोबाइलवर एक जाहिरात पाठवली. गिरगावातलं एक जुनं घर दर रविवारी लोकांना हिंडून दाखवतात, अशी. खाली लिहिलं होतं, घरामागची ऐतिहासिक विहीर, जिच्यात एका आफ्रिकन गुलाम मुलीनं प्राण सोडले. मी ते आत्याला वाचून दाखवलं. तिनं मला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "बुडाली, तर मग आपण कुणाचे?"

त्या प्रश्नासाठी मी मुंबईला गेलो. पिठोरीच्या तोंडावर मला वाडी सोडायची नव्हती, पण आत्यानं पिच्छाच सोडला नाही.

रविवार, गिरगाव

मुंबईत मला दिशा कळत नाहीत, हे आधीच कबूल करतो. निलेशनं सगळं समजावून सांगितलं होतं, तरी बारा नारळांची पिशवी घेऊन मी भलत्याच गाडीत चढलो आणि रे रोडला उतरलो. बाहेर आलो तर सगळीकडे लाकडाच्या वखारी. सागाचे सोट बघत मी अर्धा तास तिथंच रमलो. एका वखारवाल्यानं विचारलं, काका, क्या चाहिये? मी म्हटलं, गिरगाव. तो इतका हसला की त्यानं मला स्वतः टॅक्सीत बसवून दिलं. नारळांपैकी एक मी त्याला दिला.

घर बघून मी जरा खट्टूच झालो. माझ्या डोक्यात काहीतरी अंधारं, पडकं, कोळिष्टकांचं होतं. हे तर नव्या नवरीसारखं रंगवलेलं. तीन मजले, कोरीव सज्जे, फिकट पिवळा रंग, दारात पितळेची चकचकीत घंटा. जुन्या मुंबईकर परभूंचं घराणं. एके काळी कंपनी सरकारच्या कचेऱ्यांत कारकून आणि गिरगावात वाड्यांचे मालक. आडनाव मी देत नाही, कारण तसा शब्द दिला आहे. घर दाखवतात त्या मेधाताई, याच घरच्या लेक. पन्नाशीच्या पुढच्या, आर्किटेक्ट, लग्न केलेलं नाही. घराची डागडुजी सगळी त्यांनीच करून घेतली. भाऊ आणि भावजय परदेशात असतात.

आम्ही दहाबारा जण होतो. मेधाताई छान बोलतात, मुद्देसूद, पुण्याच्या बाईसारख्या. बर्माच्या सागाचा जिना, विलायती फरशा, माणसाएवढे आरसे, पणजोबांची पगडी असं सगळं दाखवलं. फिरता फिरता सगळ्यांना खाज्याच्या करंज्या दिल्या. इतकी पदर सुटलेली करंजी मी जन्मात खाल्ली नव्हती. आमच्याकडे करंजी म्हणजे दातांची परीक्षा. तीन खाल्ल्या. चौथीला हात घातला तेव्हा शेजारच्या बाईंनी बघितलं, म्हणून ठेवून दिली.

दीड तासात त्या घरातल्या प्रत्येक खुर्चीचं नाव-गाव कळलं. फर्निचर कुणी केलं, झुंबर कुठल्या बोटीनं आलं, सगळं. मग आम्ही मागच्या अंगणात गेलो आणि विहिरीपाशी दोन मिनिटं थांबलो. मेधाताईंचा आवाज हळू झाला. म्हणाल्या, आमच्या घरात गुलाम होते, हे मी लपवत नाही. एक आफ्रिकन मुलगी होती, पाणी काढता काढता ती या विहिरीत गेली, आणि अजूनही हिला बावडीवालीची विहीर म्हणतात. मुंबईत जुन्या विहिरींवर एक एक बाई बसवलेली असते, लोक तिला भितात आणि फुलंही वाहतात, हे मला तिथं कळलं. आमची रतनआय त्यांनी विहिरीवरचं भूत करून ठेवली होती. 

विहिरीच्या दोन्ही अंगांना दगडी खांब होते, छातीएवढे. त्या म्हणाल्या, हे दिवे लावायचे खांब. तिथं मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ताई, हे दिव्यांचे नव्हेत. हे रहाटाचे खांब आहेत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खांबांच्या डोक्याशी आतल्या बाजूला खोबणी होत्या, आसाच्या घर्षणानं गुळगुळीत झालेल्या. चौतीस वर्षं मी बेअरिंगं बदलली आहेत. आस कुठं फिरला ते मला कुणी सांगायला नको. मी त्यांना दाखवलं, इथं लाकडी चाक होतं, त्यावरून मडक्यांची माळ खाली पाण्यात जायची, आणि मागं फळीवर बसून माणूस हातापायांनी ते चाक ओढायचा. पायरहाट. आमच्याकडे माझ्या लहानपणापर्यंत होता. एका वाडीला पाणी लावायला सकाळपासून दुपारपर्यंत पाय मारावे लागतात. दोन तासांत मांड्या दगड होतात. त्या मुलीनं ते रोज केलं. कळशी घेऊन ती इथं वाकतच नव्हती, तर पाणी काढताना पडेल कशी?

लोक पांगल्यावर मेधाताईंनी मला थांबवून घेतलं, खुर्ची दिली, चहा मागवला. मी कोण, कशाला आलो, सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग टेबलावरचा एक कागद पुढं केला. पितळी पाटीचा मजकूर होता, दुसऱ्या दिवशी कारागिराकडे जायचा. 'या विहिरीत एका अज्ञात गुलाम मुलीने प्राण सोडले. तिच्या स्मृतीस.'

अज्ञात हा शब्द वाचून मी उठून उभा राहिलो. म्हटलं, तिचं नाव रतन. तुमच्याच घरानं ठेवलेलं आणि तुमच्याच घरानं विसरलेलं.

त्या रागावल्या नाहीत. कागद वगैरे काही आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कागद नाही, केस आहेत. त्यांना हसू आलं नाही आणि मलाही नाही. त्या म्हणाल्या, "मला वडिलांनी सांगितलं, त्यांना आजोबांनी. तुमच्याकडे गोष्ट आहे, माझ्याकडेही गोष्टच आहे. यातली पितळेवर कुठली कोरू?"

बाई सरळ होती, त्यामुळे मला भांडता येईना. मी नुसतं एवढं सांगितलं की पिठोरीच्या दिवशी आमच्या घरातल्या बाया पाण्याला हात लावत नाहीत. पिण्याचं, धुण्याचं, आंघोळीचं, सगळं पाणी त्या दिवशी पुरुषांनी भरायचं आणि बायांच्या हातात द्यायचं. आसपासच्या कुठल्याच घरात असं नाही. कारण त्या दिवशी रतनआयनं रहाट सोडला.

मेधाताईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, पिठोरीला आमच्याकडेही या विहिरीचा पंप बंद ठेवतात. आई म्हणायची, बावडीवाली कोपते. आई काहीतरी करायची मागच्या बाजूला, संध्याकाळी. तिच्यानंतर शेवंताबाई करतात. मला कधी तिकडे फिरकू दिलं नाही. शेवंताबाई म्हणजे त्यांच्याकडे चाळीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई. आता थकली, करी रोडला घरीच असते, फक्त पिठोरीला येते.

पिठोरी मंगळवारी होती. मेधाताई म्हणाल्या, पाटी तोवर थांबवते. मी नारळांची पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि शेवंताबाईचा पत्ता लिहून घेतला.

सोमवार, लालबाग आणि करी रोड

गणपतीला चारपाच दिवस उरले असतानाचं लालबाग ज्यानं पाहिलं नाही, त्याला ते सांगून कळायचं नाही, तरी सांगतो. रस्त्याच्या कडेनं मांडवांचे बांबू, कारखान्यांतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले गणपती, कुणाचा नुसता हात बाहेर, कुणाचे डोळे अजून व्हायचे. आमच्या गावात शाडूची वीतभर मूर्ती डोक्यावरून आणतात. इथं एक मूर्ती ट्रॉलीवर चढवायला तीस माणसं आणि त्यांना सूचना देणारी साठ. मी त्यांच्यात उभा राहून जॅक कसा लावावा हे सांगू लागलो, तेव्हा एक पोरगा म्हणाला, काका, साइडला घ्या ना जरा. साइडला घेताना माझी चप्पल चिखलात रुतली आणि तिचा अंगठा तुटला. एक पाय घासत मी करी रोडला पोचलो.

शेवंताबाई मूळची मालवणची. गिरणीत नवरा होता, चाळीत संसार झाला. त्या चाळीच्या जागी आता बावीस मजली इमारत आहे आणि ती एकोणिसाव्या मजल्यावर राहते. घराचं दार सताड उघडं. म्हणाली, बंद दारात जीव घुसमटतो, चाळीत कधी लावलंच नाही. सत्तरीची, किरकोळ बांध्याची, गुडघे सुजलेले. मी मेधाताईंचं नाव सांगितलं तरी तिनं आधी माझ्या पायांकडे बघितलं आणि मुलाची जुनी चप्पल काढून दिली. मग आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं पुढं ठेवलं. जेवल्याशिवाय ती काही ऐकणार नव्हती.

जेवताना तिनं माझी उलटतपासणी घेतली. गाव कुठलं, वाडी कुणाची, केस कुणाचे, पिठोरीला काय करता. मी पाण्याचं सांगितलं. तिचा हात आंबोळीच्या ताटावर थांबला. ती उठली, गुडघे धरत दारापर्यंत गेली आणि ते सताड उघडं दार तिनं आतून लावून घेतलं. मग माझ्यासमोर येऊन बसली.

"बुडूक नाय ती," ती म्हणाली. "चलत गेली, मागच्या दारान."

मी हातातली आंबोळी खाली ठेवली. तोंडातला घास तसाच होता.

गिरगावच्या त्या घरात एक गोष्ट सासू सुनेला सांगत आली होती. पुरुषांना नाही आणि लेकींनाही नाही, कारण लेकी लग्न होऊन दुसऱ्या घरी जातात आणि तिकडे बोलतात. ती गोष्ट अशी. त्या वेळच्या मोठ्या सुनेनं त्या मुलीला घरात वाढताना पाहिलं होतं. मुलीला पळायचं आहे हे तिनं ओळखलं. पिठोरीच्या संध्याकाळी सगळं घर देवघरात असतं, म्हणून तो दिवस धरला. पूजेच्या आधी तिनं मागच्या दाराची कडी काढून ठेवली.

"आणि ती लांब गेल्यावर तांब्याची कळशी बावडीत टाकल्यान," शेवंताबाई म्हणाली, "आणि बोंब मारल्यान, पोर बुडाली म्हणान."

पुरुषांनी गळ टाकून विहीर ढवळली. कळशी मिळाली, मुलगी मिळाली नाही. विहीर खोल, खाली गाळ. कुणाला शंका येऊ नये म्हणून त्या सुनेनंच काही दिवसांनी सांगायला सुरुवात केली की विहिरीवर बाई दिसते. झालं. विहिरीतल्या बाईला कोण शोधायला जातो? बंदरावर कुणी माणूस पाठवला नाही. आमच्या रतनआयला दाभोळ गाठायला लागलेले दिवस त्या भुतानं मिळवून दिले.

त्या वर्षापासून दर पिठोरीला थोरल्या सुनेनं मागच्या दारात एक ताट ठेवायचं, दिव्याची वात बाहेरच्या बाजूला करायची आणि कडी काढलेली ठेवायची, अशी रीत पडली. मेधाताईंच्या आईला एकच सून, तीही परदेशात. मग शेवटी आईनं ते आपल्या स्वयंपाकिणीला सांगितलं. आता साऱ्या जगात ते एकट्या शेवंताबाईला ठाऊक होतं. मी विचारलं, मग आज मला का सांगितलंत? ती म्हणाली, "म्हातारेन बजावलेला. घरातल्या पुरुषांका सांगू नको, पण भायरसून कोण विचारीत इलो तर लपवू नको."

मी तिथं ताटावरच रडलो, हे लपवत नाही. बासष्ट वर्षांचा माणूस, दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याची चप्पल घालून. शेवंताबाईनं मला रडू दिलं आणि आणखी एक आंबोळी वाढली.

खाली आल्यावर आत्याला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, चालत गेली हे मला ठाऊकच होतं, कडीचं मात्र नव्हतं. मग विचारलं, त्या सुनेचं नाव काय? मी परत वर जाऊन विचारून आलो. शेवंताबाईलाही ठाऊक नव्हतं. थोरली सून, एवढंच. आत्याला फार वाईट वाटलं. मालकांच्या घरातल्या बाईचंही नाव राहिलं नाही म्हणाली.

मंगळवार, पिठोरी

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि शेवंताबाई टॅक्सी करून गिरगावात गेलो. मेधाताईंचा पिठोरीचा उपास नसतो, पण घरात पूजा होती. चुलत घरातल्या दोघी जणी मुलांना घेऊन आल्या होत्या. शेवंताबाईनं मेधाताईंना मागच्या खोलीत नेलं आणि माझ्यासमोर सगळं पुन्हा सांगितलं.

मला वाटलं होतं त्या खूश होतील. त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "आईनं मला नाही सांगितलं. मी इथंच राहिले, कुठं गेले नाही, तरी नाही सांगितलं." शेवंताबाईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. रीतच तशी होती म्हणाली, लेक ती लेक. त्यावर मेधाताई डोळे पुसत म्हणाल्या, मग स्वयंपाकीण चालली ती कशी? शेवंताबाईनं कपाळाला हात लावला, आणि त्या दोघी एकदम हसायला लागल्या.

पाटीवरून मात्र आमचं वाजलं. मेधाताईंनी लगेच कागद घेऊन लिहिलं: 'या घरातील थोरल्या सूनबाईंनी दार उघडून एका गुलाम मुलीला मुक्त केले.' लिहून माझ्याकडे आशेनं बघितलं. मला त्यांचं मन मोडवत नव्हतं, पण बोलणं भाग होतं. मी म्हटलं, ताई, कडी काढणारी बाई थोर होती, मी तिच्या पाया पडेन. पण दार मुळात लावलं कुणी होतं? पोर विकत घेतली कुणी, रहाटाला बसवली कुणी? ते आधी लिहा. आणि मुक्त केले नको. बंदरापर्यंत ती आपल्या पायांनी गेली, अनोळखी गलबतात अनोळखी माणसांत बसली. कडी कुणी काढून दिली तरी बाहेर पाऊल आपणच टाकावं लागतं.

त्या उठून खिडकीशी गेल्या. अंगणात चुलत घरातली मुलं रहाटाच्या खांबांवर चढून उड्या मारत होती. मग त्यांनी येऊन नवा कागद घेतला. चार वेळा खोडून शेवटी हे ठरलं, आणि तेच आता पितळेवर आहे:

'या घराने रतन या आफ्रिकन मुलीला विकत घेऊन गुलाम म्हणून राबवले. या विहिरीवरचा रहाट ती ओढत असे. पिठोरी अमावास्येला घरातील थोरल्या सुनेने मागच्या दाराची कडी काढून ठेवली, आणि रतन चालत निघून गेली. तिचा वंश कोकणात नांदतो आहे.'

शेवटचं वाक्य मेधाताईंचं. मी वाचून दाखवा म्हटलं आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं. माझी छाती इतकी भरून आली की शर्टाचं वरचं बटण मी सोडलं. आपल्या घराण्याच्या नावावर 'विकत घेऊन' हे शब्द स्वतःच्या हातानं लिहायला धमक लागते, हेही मी इथं नोंदवतो. त्यांच्या चुलत भावाचा त्याच संध्याकाळी फोन आला होता म्हणे, आणि तो गोड नव्हता. तरी पाटी लागली.

संध्याकाळ झाली. पूजा आटोपली. पिठोरीची त्यांच्याकडची रीत मी प्रथमच पाहिली. आई खीर-पुरीचं वाण खांद्यावरून मागं धरते, मागं वळून बघत नाही आणि विचारते, अतीत कोण? अतीत म्हणजे दारी आलेला पाहुणा. मागं उभं असलेलं मूल आपलं नाव सांगतं आणि वाण घेतं. चुलत घरातली चारही मुलं आळीपाळीनं नावं सांगून वाण घेऊन पळाली.

आणि मग शेवंताबाईनं उरलेली गोष्ट सांगितली. मागच्या दारात ताट नुसतं ठेवायचं नसतं. दाराकडे पाठ करून तसंच खांद्यावरून मागं धरायचं आणि तीन वेळा विचारायचं. कुणी बोलत नाही. मग ताट उंबऱ्यावर ठेवून, मागं न बघता आत यायचं. मेधाताईंच्या आईनं आयुष्यभर असं विचारलं. तिच्या आधी तिच्या सासूनं, त्याआधी तिच्या सासूनं. शेवंताबाईनंही इतकी वर्षं विचारलं. "गुडघ्यांमुळा माका आता उभ्यान ऱ्हवाक जमना नाय," ती मेधाताईंना म्हणाली. "ह्या वर्षी तू विचार." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, तुम्ही गल्लीत जाऊन उभे राहा.

मी मागच्या दारानं बाहेर आलो. अरुंद गल्ली, समोरच्या इमारतीची भिंत, एक स्कूटर, वर कुणाचं तरी धुणं. गिरगावातली कुठलीही गल्ली. आत दिवा ठेवला गेला, त्याची वात माझ्याकडे होती. मेधाताई पाठमोऱ्या आल्या. त्यांनी ताट खांद्यावर घेऊन मागं धरलं. सवय नसल्यानं ते जरा कलतं होतं आणि वाटीतली खीर काठापर्यंत आली होती.

"अतीत कोण?"

तीनदा विचारणं व्हायचं होतं, म्हणून मी थांबलो. गल्लीच्या टोकाला कुणीतरी गणपतीच्या मांडवाचा बांबू ठोकत होतं.

"अतीत कोण?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मी हात वर केले.  आतून शेवंताबाई खोकली.

"अतीत कोण?"

"मी वसंत," मी म्हटलं. माझा आवाज गल्लीभर गेला. वरच्या धुण्यामागून कुणीतरी डोकावलं. "रतनच्या घरचा."

आणि त्यांच्या खांद्यावरचं ताट मी दोन्ही हातांनी उचलून घेतलं. मेधाताई काही वेळ तशाच उभ्या राहिल्या, रिकामे हात खांद्यावर, पाठमोऱ्या. मागं बघायचं नसतं. त्यांनी बघितलं.